माईक मिळाला, डबा हरवलाय: जुन्या ट्यूब माईकला पॉवर सप्लाय जुळवायचा म्हणजे नक्की काय करायचं

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका रेकॉर्डिस्ट मित्राचा रात्री साडेदहाला फोन आला. "अरे, नॉयमानचा यू ६७ हाताला लागलाय, खोक्यासकट, केबल पण आहे, फक्त सप्लायचा डबा नाहीये. बाजारात तो सात पिनांचा ट्यूब माईकचा सप्लाय मिळतो ना, तोच मागवलाय, उद्या लावून बघू का?" यू ६७ म्हणजे जर्मनीच्या नॉयमान कंपनीचा जुना ट्यूब माईक. मी म्हटलं, बाबा रे, काहीही लावू नकोस, माईक खोक्यातच राहू दे, मी रविवारी येतो. त्यानंतर आम्ही तीन रविवार त्या एका डब्यात घातले आणि त्यातून जे काही कळलं, कळलेलं पक्कं झालं, ते इथे सगळं सांगतो, कारण मराठीत या विषयावर मला तरी धड काही वाचायला मिळालेलं नाही आणि असे माईक आता घराघरातून, बंद पडलेल्या स्टुडिओंतून सप्लायशिवाय बाहेर यायला लागलेत.

पहिली गोष्ट म्हणजे ट्यूब माईकचा (ज्यात ट्रान्झिस्टरच्या जागी जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्ह असतो) सप्लाय हा मोबाईलच्या चार्जरसारखा वेगळा नग नाहीये. माईकचं अर्धं सर्किट माईकमध्ये असतं आणि उरलेलं त्या डब्यात. त्यामुळे "पिन बसली, लाईट लागला" याला काही अर्थ नाही. माईकच्या तोंडाशी, म्हणजे केबलच्या माईककडच्या टोकाला, माईक पूर्ण करंट ओढत असताना जो व्होल्टेज पोचतो तोच खरा, बाकी डब्यावर काय छापलंय, ट्यूबच्या डेटाशीटमध्ये काय लिहिलंय हे सगळं नंतर.

आता डबा माईकला देतो तरी काय ते बघू. ट्यूबमध्ये एक हीटर असतो, म्हणजे बारीकशी शेगडी, ती कॅथोडला तापवते आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. शेगडीला व्होल्टेज कमी पण करंट बऱ्यापैकी लागतो. दुसरा तो बी प्लस, जुने रेडिओवाले काका त्याला एचटी म्हणायचे, शंभर ते दोनशे दहा व्होल्टच्या घरातला, करंट मात्र अगदी किरकोळ, हा इलेक्ट्रॉनना ट्यूबमधल्या प्लेटकडे ओढतो. तिसरं काम कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पडद्यांच्या चकतीला, चार्ज द्यायचं, साधारण ६० व्होल्ट, आणि हा बहुतेक वेळा माईकच्या आतच बी प्लसमधून काढलेला असतो. ज्या माईकचा पॅटर्न, म्हणजे तो कुठल्या दिशेचं ऐकतो ते, लांबून बदलता येतो त्यात अजून एक व्होल्टेज डब्यातूनच जातो. आणि शिवाय माईकचा आवाज त्याच केबलमधून उलटा डब्यात येतो, तिथून पुढे एक्सएलआर केबलने प्रीअँपला, म्हणजे माईकचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला.

फँटम पॉवरवर, म्हणजे प्रीअँप माईकच्या साध्या केबलमधूनच जे व्होल्टेज पाठवतो त्यावर, चालेल का, हे हमखास विचारतात. नाही चालत, आणि का नाही ते आकड्यातच दिसतं. ४८ व्होल्टचं फँटम नॉयमाननेच १९६६ मध्ये नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी बसवलं, ते ट्रान्झिस्टरच्या माईकसाठी. त्यात दोन्ही तारांना ६.८ किलोओहमचे रेझिस्टर असतात, मिळून ३.४ किलोओहम झाले, म्हणजे अगदी शॉर्ट केलं तरी १४ मिलिअँपच्या वर करंट निघत नाही आणि जास्तीत जास्त पॉवर ओढायची म्हटली तरी पाव वॅटसुद्धा नाही, ०.१७ वॅट. यू ६७ मधली ईएफ ८६ ट्यूब नुसत्या शेगडीलाच ६.३ व्होल्ट आणि २०० मिलिअँप मागते, म्हणजे १.२६ वॅट. सातपटीहून जास्त. विषय संपला.

आता मूळ प्रश्न, कोणत्या माईकला किती द्यायचं. इथे एक छान खूण आहे, युरोपियन ट्यूबच्या नावातलं पहिलं अक्षर शेगडीचं असतं. ए म्हणजे ४ व्होल्ट, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, आणि व्ही म्हणजे व्होल्टेज नाही तर ५० मिलिअँप करंट, कारण त्या ट्यूब एकामागे एक माळेत जोडायच्या रेडिओसाठी केलेल्या होत्या. म्हणजे एसी ७०१ दिसली की ४ व्होल्ट, ईएफ ८६ किंवा ईसी ९२ दिसली की ६.३. अमेरिकन ट्यूबमध्ये पहिला आकडा बघायचा, ६एयू६ म्हणजे ६.३, आणि १२एएक्स७ म्हणजे १२.६, पण या शेवटच्या ट्यूबची शेगडी मधून फोडलेली असते, तिला १२.६ वर १५० मिलिअँप देता येतो नाहीतर वेगळी वायरिंग करून ६.३ वर ३०० मिलिअँप, त्यामुळे नुसती ट्यूब बघून भागत नाही, सॉकेटवर तारा कशा लावल्यात तेही बघायला लागतं. आणि ६०७२ सारखे चार आकडी नंबर हे नुसते इंडस्ट्रियल नंबर, त्यातल्या ६ चा व्होल्टशी काही संबंध लावू नका.

ही खूण सुरुवातीला फार उपयोगाची आहे पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला तर यू ४७ तुम्हाला फसवतो. त्यावर मी जरा जास्त थांबणार आहे कारण सप्लाय आणि माईक एकमेकांत किती गुंतलेले असतात ते या माईकइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

यू ४७ आला १९४९ मध्ये, नॉयमानने बनवला आणि टेलिफुंकनच्या नावानेही विकला गेला. आत व्हीएफ १४ ही स्टीलच्या कवचातली ट्यूब. डेटाशीट म्हणतं शेगडीला ५५ व्होल्ट, ५० मिलिअँप. आणि माईकला सप्लायमधून एकच व्होल्टेज जातो, १०५ व्होल्ट, वेगळी शेगडीची तार नाहीच. त्या १०५ मधून माईकच्या आत एक तारेचा जाडजूड रेझिस्टर आहे १७८० ओहमचा, मग ट्यूबची शेगडी, मग एक छोटा २९ ओहमचा रेझिस्टर, मग ग्राउंड. या माळेतून साधारण ३९-४० मिलिअँप वाहतो. हिशोब करून बघा: १७८० ओहमवर जवळपास ७० व्होल्ट पडतात, २९ ओहमवर १.१ व्होल्ट, आणि मध्ये शेगडीला उरतात ३४-३५ व्होल्ट. ५५ नाही, पस्तीस! नॉयमानने मुद्दाम कमी तापवली, ट्यूब जास्त टिकते आणि खरखर कमी होते म्हणून. आणि तो १७८० वाला रेझिस्टर पावणेतीन वॅट माईकच्या अंगातच जाळत बसतो, म्हणून चालू यू ४७ हाताला कोमट लागतो, ते बिघाडाचं लक्षण नाही.

आता त्या २९ ओहमवरच्या १.१ व्होल्टकडे बघा, त्याचं काम काय, तर तोच ट्यूबचा बायस आहे. म्हणजे शेगडीतून किती करंट जातो त्यावर ट्यूब कुठल्या बिंदूवर काम करणार ते ठरतं. आणि प्लेटचा व्होल्टेज त्याच १०५ मधून, कॅप्सूलचा चार्ज त्याच १०५ मधून. एका दोरीला चार बाहुल्या बांधल्यात असं समजा, सप्लायवाल्याने १०५ चे ११५ केले की शेगडी जास्त तापली, बायस सरकला, प्लेट वर गेली आणि कॅप्सूलचा पडदाही जास्त ओढला गेला, सगळं एकाच वेळी. कॅप्सूलचा चार्ज दहा टक्के वाढला तर माईक जवळपास ०.८ डीबीने जास्त आवाज देतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं वा, नवा सप्लाय भारी आहे, आवाज खुलला. तो खुललेला नसतो, नुसता मोठा झालेला असतो, आणि तिकडे जी ट्यूब आता जगात कोणी बनवत नाही ती रोज थोडी थोडी म्हातारी होत असते.

आणि डेटाशीट वाचून कोणी "अरे याला ५५ पाहिजेत" म्हणून आतला रेझिस्टर बदलून दिला तर तो माणूस मनापासून मदत करत असला तरी माईकचं नुकसानच करतोय. माईकचं सर्किट जे मागतं ते द्यायचं.

अजून एक. व्हीएफ १४ मिळेनाशी झाल्यावर बऱ्याच यू ४७ मध्ये दुसऱ्या ट्यूब बसल्या, काहींमध्ये १३सीडब्ल्यू४ हे बोटाच्या पेराएवढं न्यूविस्टर, म्हणजे धातूच्या कवचातली छोटी ट्यूब, त्याची शेगडी साडेतेरा व्होल्टची, काहींमध्ये ईएफ १४ जिला वेगळे ६.३ व्होल्ट लागतात. म्हणजे बाहेर यू ४७ चा बिल्ला आणि आत वेगळंच जग. म्हणून सप्लायचा विचार करायच्याही आधी माईक उघडून ट्यूबवरचं नाव वाचायचं, फोटो काढायचा, आणि रेझिस्टर कुणी बदलल्याचा नवा सोल्डर चमकतोय का तेही बघायचं.

बाकीचे माईक त्या मानाने सरळ आहेत. यू ६७ हा १९६० चा, ईएफ ८६, शेगडी ६.३ व्होल्ट, बी प्लस २१० व्होल्ट, पॅटर्नचं बटण माईकवरच, त्यामुळे डब्यातून पॅटर्नची तार नाही (नॉयमानने २०१८ मध्ये हा परत काढला, तोही सप्लायसकट). एम ४९ मध्ये एसी ७०१, शेगडी ४ व्होल्ट १०० मिलिअँप, बी प्लस १२०, आणि पॅटर्नची चावी डब्यावर, गायकाजवळ न जाता कंट्रोल रूममधून फिरवता यावी म्हणून. ही चावी मागच्या पडद्याचा व्होल्टेज बदलते: पुढच्याइतकाच आणि त्याच दिशेचा दिला तर चारी बाजूंनी ऐकतो, शून्य केला तर समोरचं ऐकतो, उलट्या दिशेचा दिला तर पुढचं आणि मागचं. अशा माईकला पॅटर्नची तार नसलेला सप्लाय लावला तर तो मागचा पडदा अधांतरी राहतो आणि माईक आज एक आणि उद्या दुसरं ऐकवतो, मग लोक कॅप्सूललाच दोष देतात.

सगळ्यात घातक जोडी म्हणजे टेलिफुंकनचा एलाएम २५१, जो एकेजीने त्यांच्यासाठी बनवला. साध्या २५१ मध्ये एसी ७०१ म्हणजे ४ व्होल्ट, आणि २५१ ई मध्ये ६०७२, ती ६.३ व्होल्टवर. दिसायला दोघं जुळे भाऊ. माझ्या ओळखीत एकाने कुठल्यातरी दुकानातून "२५१ चा सप्लाय" म्हणून डबा आणला, विकणाऱ्यालाही फरक माहीत नव्हता, लावला, माईक चालू झाला, दोन मिनिटं छान आवाज आला आणि मग हळूहळू बसत गेला. ४ च्या शेगडीला दीडपटीहून जास्त व्होल्टेज. एसी ७०१ ही अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंदीची काचेची नळी, थेट तारांनी सोल्डर केलेली, तिची किंमत आज चांगल्या नव्या माईकएवढी आहे. एका अक्षरापायी गेली.

तर रविवारी मी मित्राकडे पोचलो. मागवलेला सप्लाय आलेला होता, सात पिनांचा एक्सएलआर, छान काळा डबा. मोकळाच चालू करून मीटर लावला तर शेगडीच्या पिनांवर ८.१ व्होल्ट. मित्र घाबरला, मी म्हटलं थांब, हा आकडा अजून खरा नाही. ज्या सप्लायमध्ये व्होल्टेज एका जागी धरून ठेवणारा रेग्युलेटर नसतो त्यात ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टरचे रेझिस्टर करंट वाहिला की व्होल्टेज खातात, करंटच नसेल तर खायला काही नाही, म्हणून मोकळा सप्लाय नेहमी चढा दिसतो. यू ४७ च्या सप्लायमध्ये तर बघा, फिल्टरमध्ये एक किलोओहम असला तरी ४० मिलिअँपला ४० व्होल्ट पडतात, म्हणजे माईक काढला की तेच १०५ उडी मारून १४५ होतात. म्हणून मोकळ्या सप्लायवर मोजून प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवणं हा माईक मारायचा खात्रीचा रस्ता आहे, आणि खूप जण नेमकं तेच करतात.

याला इलाज म्हणजे खोटा माईक बनवायचा. केबलच्या माईककडच्या टोकाला बसेल असा कनेक्टर घ्यायचा आणि त्यात ट्यूबऐवजी रेझिस्टर सोल्डर करायचे. ईएफ ८६ साठी ६.३ भागिले ०.२ म्हणजे ३१.५ ओहम, बाजारात ३३ मिळतो, ५ वॅटचा घ्या, सव्वा वॅट खाणार आहे तर तापेल. एसी ७०१ साठी ४ भागिले ०.१ म्हणजे ४० ओहम, ३९ चा घ्या, दोन वॅट पुष्कळ. यू ४७ साठी आख्खा माईक म्हणजे १०५ भागिले ०.०४, साधारण २.७ किलोओहम आणि १० वॅटचा. यू ६७ च्या बी प्लसला करंट एक मिलिअँपच्या आतबाहेर, २२० किलोओहम लावला की झालं. आम्ही पासोड्या विठोबापाशी जाऊन हे रेझिस्टर आणले, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर मिळतील, आख्ख्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात महत्त्वाचाही.

खोटा माईक लावल्यावर शेगडी ८.१ वरून ६.३ वर आली, डब्याच्या तोंडाशी. मित्र म्हणाला झालं की मग. केबल मध्ये घालून दुसऱ्या टोकाला मोजलं तर ५.९८.

हे ०.३२ व्होल्ट कुठे गेले? केबलने खाल्ले. १० मीटर केबल, आतल्या तारा ०.२२ चौरस मिलिमीटरच्या, जाताना १० आणि येताना १० म्हणजे २० मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स जवळपास १.६ ओहम, गुणिले ०.२ अँप. बी प्लसला हा त्रास नाही कारण तिथे करंटच नाही, पण शेगडीला पाच टक्के कमी म्हणजे ट्यूब ठरल्यापेक्षा थंड. बारीक तारांची १५ मीटरची केबल असेल तर विचारूच नका. म्हणजे सप्लाय केबलसकट जुळवायचा असतो आणि उद्या केबल बदलली तर परत मोजायचं असतं. लोक सप्लायवर हजारो रुपये घालतात आणि हे एक माप घेत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बी प्लस मोजला तर तो १६० च्या आसपास. हा सप्लाय दुसऱ्याच कुठल्यातरी माईकसाठी केलेला होता, २१० द्यायची त्याची ताकदच नव्हती. आणि पिना? यू ६७ ला टुशेलचा सात पिनांचा कनेक्टर आणि या डब्याला सात पिनांचा एक्सएलआर, मधला जोड विकणाऱ्याने पाठवलेला. मी तो जोड उघडला, मीटरचा बझर लावून एकेक पिन तपासली, तर बी प्लस नेमका शेगडीच्या पिनेवर जात होता. सात पिनांच्या एक्सएलआरला ट्यूब माईकसाठी कुठलंही ठरलेलं मानक नाही, प्रत्येक बनवणारा आपल्या सोयीने पिना वाटतो, कनेक्टर एकमेकांत गपकन बसतात आणि तिथेच सगळे फसतात. त्या रात्री फोनवर मी "बघ लावून" म्हटलं असतं तर १६० व्होल्ट ६.३ च्या शेगडीवर गेले असते.

तेव्हा ठरवलं, आपणच बनवायचा. इथे एक गोष्ट सांगतो जी कळल्यावर मला खूप समाधान झालं होतं. माईकचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, त्यामुळे बी प्लसमध्ये जरा जरी घरघर राहिली तरी ती गाण्यात ऐकू येते. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) लावला की घरघर १०० हर्ट्झची होते. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी एक पायरी लावली की १०० हर्ट्झ जवळपास तीनशेपटीने कमी होतो, तशा दोन पायऱ्या लावल्या की ऐंशी हजारपटीच्या वर. यू ६७ ला एकच मिलिअँप लागतो म्हणून प्रत्येक १० किलोओहमवर फक्त १० व्होल्ट जातात, परवडतं. आता तेच यू ४७ ला करून बघा, ४० मिलिअँप गुणिले १० किलोओहम म्हणजे ४०० व्होल्ट त्या रेझिस्टरवरच पडायला हवेत, कसं शक्य आहे! तिथे ५०० ओहमवर थांबावं लागतं आणि एका पायरीत जेमतेम पंधरापट सफाई होते, मग जास्त पायऱ्या, मोठे कपॅसिटर नाहीतर रेग्युलेटर. म्हणून एका माईकचा शांत सप्लाय दुसऱ्या माईकवर घरघरतो, सप्लाय खराब नसतो, काम वेगळं असतं.

शेगडीसाठी आम्ही एलएम ३१७ हा रेग्युलेटर वापरला. त्याच्या वरच्या बाजूला २४० ओहम आणि खाली ९१० ओहम फिक्स, त्यात २०० ओहमचा प्रीसेट. असं केल्याने व्होल्टेज ६ ते ७ मध्येच फिरतो, कुणी प्रीसेट पार टोकाला नेला तरी ७.०३ च्या वर जात नाही. प्रीसेटचा मधला पाय एका टोकाला जोडून टाकायचा, नाहीतर आतला संपर्क सुटला की एलएम ३१७ येईल तेवढा व्होल्टेज पुढे ढकलतो आणि ट्यूब गेली. नुसता ५ किलोओहमचा प्रीसेट लावून "सेट करतो की" म्हणणारे सप्लाय मी पाहिलेत, तसं करू नका.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, २३० व्होल्टचा प्रायमरी सांगून. हे सांगायचं कारण असं की जुने जर्मन डबे २२० चे असतात, आपल्याकडे २३० धरलं तरी साडेचार टक्के चढे, आणि मित्राच्या घरी रात्री अकराला २४५ मोजले, म्हणजे अकरा टक्के, रेग्युलेटर नसलेल्या डब्यात १०५ चे ११७ होतात. अमेरिकेतून आणलेला ११७ चा डबा असेल तर स्टेपडाउन लागणारच, शिवाय तो ६० हर्ट्झपुरता बनवलेला असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि गुणगुणतो. मूळ जुना डबा मिळालाच तर त्यातला सेलेनियमचा रेक्टिफायर बघा, पत्र्याच्या चकत्यांची माळ असते, तो म्हातारा होत जातो तसा व्होल्टेज खायला लागतो. तो काढून सिलिकॉन डायोड लावले की व्होल्टेज एकदम वर जातो, मध्ये रेझिस्टर घालून परत खाली आणायला लागतो, आणि वाळलेले कपॅसिटर बदलल्याशिवाय तसला डबा थेट मेन्सवर चालू करायचा नाही.

आता जिवाचं. २१० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये बसून राहतो. आम्ही आउटपुटवर कायमचा २२० किलोओहम लावलाय, मिनिट-दीड मिनिटात व्होल्टेज उतरतो, तरी मीटरवर शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि मोजताना डावा हात खिशात. मेन्सचं अर्थिंग डब्याच्या पत्र्याला घट्ट बोल्टने, घरघर जाते म्हणून अर्थ तोडायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचं ऐकू नका. सप्लाय चालू असताना माईक लावायचा-काढायचा नाही, कधीच नाही. हे सगळं वाचून हात थरथरत असेल तर जाणकार माणसाकडून बनवून घ्या, त्यात काहीच कमीपणा नाही, फक्त त्याला माप घेताना समोर बसून बघा.

माईक उघडलात तर कॅप्सूल आणि ट्यूबच्या ग्रिडजवळच्या (जिथे कॅप्सूलचा सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो) त्या खूप जास्त ओहमच्या रेझिस्टरना बोट लावू नका, बोटाचा घाम तिथे करंटला वाट करून देतो आणि पावसाळ्यात माईक फटफट करायला लागतो. आणि कॅप्सूलवर मीटर लावून "माझे ६० व्होल्ट कुठे गेले" म्हणून हादरू नका. तिथे शंभर मेगओहमचा रेझिस्टर मध्ये असतो आणि आपला मीटर स्वतः १० मेगओहमचा, त्यामुळे ६० चे साडेपाचच दिसतात. मित्राने नेमकं हेच केलं आणि कॅप्सूल शॉर्ट झाली म्हणून कपाळाला हात लावून बसला होता. कॅप्सूल उत्तम आहे.

तिसऱ्या रविवारी खोटा माईक १० मीटर केबलच्या टोकाला लावून शेगडी ६.३० वर आणली, त्यासाठी डब्याच्या तोंडाशी ६.६२ ठेवायला लागले, बी प्लस २१०. अर्धा तास चालू ठेवून परत मोजलं, तेवढंच. मग बंद केलं, मीटरवर शून्य बघितलं, खरा माईक लावला, चालू केलं आणि वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. हेडफोनमध्ये आधी ५० हर्ट्झची बारीक गुणगुण होती, १०० ची असती तर फिल्टर बघितला असता, ५० ची म्हणजे ग्राउंडचा फेरा (दोन वाटांनी जोडलं गेलेलं अर्थ) किंवा ट्रान्सफॉर्मरची चुंबकी झळ, डबा लॅपटॉपच्या अडॅप्टरपासून दोन हात लांब सरकवला आणि गेली. मित्राच्या आईने आतून तंबोरा आणला, काळी चारला जुळवला, आणि माईकसमोर बसून नुसता छेडत राहिल्या. षड्जाच्या मागे काहीही नव्हतं, फक्त खोली.

डब्याच्या झाकणाला आतून मी कागद चिकटवून दिलाय: माईकचा आणि ट्यूबचा नंबर, पिनांचा नकाशा, "१० मीटर केबलसह डब्यावर ६.६२, माईकवर ६.३०, बी प्लस २१०", आणि तारीख.